हेमलकशाला स्वयंसेवक म्हणून येताय?

परदेशात वाढूनही लोकबिरादरी प्रकल्पात, म्हणजे गडचिरोलीतल्या आदिवासींसाठी दवाखाना आणि शाळा चालवणाऱ्या हेमलकशाच्या प्रकल्पात, काम करावंसं वाटतंय, याचा मनापासून आनंद झाला. नक्की या. फक्त विमानाचं तिकीट आधी काढू नका. प्रकल्पाला पत्र लिहा, होकार येऊ द्या. पत्रात ‘पडेल ते काम करीन’ एवढंच नको. हिशेब, शिकवणं, नर्सिंग, वायरिंग, जे खरंच येतं ते लिहा. किती दिवस राहणार तेही.

पासपोर्ट परदेशी असेल तर व्हिसा तपासा. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा जास्तीत जास्त एक महिनाच करता येते.

नवखे बहुतेकदा इथे चुकतात:

- भर पावसाळ्यात येतात. पर्लकोटा नदीला पूर आला की जवळच्या भामरागडचा रस्ता बंद होतो. थंडीत या.
- मलेरियाचा विचार करत नाहीत. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.
- मित्रांकडून पैसे जमवून रोख आणतात. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, ठरलेल्या बँक खात्यातूनच घेता येते. आधी विचारा.
- रुग्णांचे, मुलांचे फोटो काढत सुटतात. हे मला अजिबात पटत नाही. माणसं दूरच्या पाड्यांवरून उपचारासाठी आलेली असतात.

मराठी येते म्हणून निर्धास्त राहू नका, इथल्या घरांत माडिया ही आदिवासी भाषा बोलतात. सुरुवातीचे काही दिवस सूचना करण्याऐवजी ऐका, सांगतील ते काम करा. प्रकल्प 1973 पासून चालू आहे. तुम्हाला सुचलेलं बरंचसं इथे करून पाहिलेलं असतं. बाकीचं होकार आल्यावर विचारा, सविस्तर सांगेन.