शिकारीच्या खेळासाठी नकाशा : तराईपासून हिमरेषेपर्यंत

शिकारीच्या संगणकीय खेळासाठी तुम्ही नेपाळसारखा प्रदेश आखत आहात, आणि डोंगरातले व सखल भागातले प्राणी एकाच नकाशात पटतील असे कसे बसवावेत, हा तुमचा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की प्राण्यांची यादी तूर्त बाजूला ठेवून आधी जमिनीचा चढ आखावा. नेपाळात तराईची, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्याची, सपाटी आणि हिमशिखरे यांच्यात दोनशे किलोमीटरांचेही अंतर नाही, त्यामुळे इतकी विविधता एकत्र येणे अस्वाभाविक नाही. मधले टप्पे गाळले की मात्र ती खोटी वाटू लागते.

तराईचे काम सोपे आहे. बारशिंग्यांना दलदलीलगतचे उंच गवत द्यावे, काळविटांना आखूड गवताचा उघडा माळ द्यावा, आणि दोघांना एकाच कुरणात सोडू नये. मधला पट्टा बहुतेक जण केवळ वाटेत लागणारे जंगल म्हणून उरकतात, वास्तविक भेकर, रानडुक्कर आणि गवताळ कड्यांवर राहणारा, शेळीसारखा दिसणारा गोरल यांचे घर तेच आहे.

सर्वांत जास्त कष्ट वरच्या पट्ट्यावर घ्यावेत. ताहर हा रानबोकड झुडपांच्या उभ्या कड्यांवर वावरतो, तर भरल ही रानमेंढी, जिला नेपाळीत नाउर म्हणतात, मोकळ्या उतारावर चरते. पण जवळ कडा असल्याशिवाय भरल निर्धास्त राहत नाही. आडोसा नसेल तर तो जागीच निश्चल उभा राहतो आणि त्याचा करडा-निळसर रंग खडकांत असा मिसळतो की दुर्बिणीतूनही कळप नजरेतून सुटतो. म्हणून प्रत्येक चराऊ उताराला लागूनच कडा काढावा, नाहीतर बिथरलेला कळप मोकळ्या रानात नुसता सरळ धावत सुटेल. वाराही उंचीनुसार वागवावा : उन्हे तापली की तो दरीतून वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, त्यामुळे दुपारी खालून चढणाऱ्या शिकाऱ्याचा वास त्याच्याआधी कळपापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

नियमांसाठी नेपाळातल्या ढोरपाटन या शिकार राखीव क्षेत्राचा अभ्यास करा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीवर बंदी असल्याने परवान्याची शिकार कशी चालते, याची आपल्या खेळाडूंना कल्पना नसते. ढोरपाटन हे नेपाळातले असे एकमेव क्षेत्र १३२५ चौरस किलोमीटरांचे असून त्याचे सात विभाग पाडलेले आहेत, आणि भरल व ताहर हीच तिथली मुख्य शिकार आहे. तुमच्या खेळातही विभागवार कोटा ठेवावा, तो संपला की त्या हंगामापुरता विभाग बंद करावा. हिमबिबट्या तिथे संरक्षित आहे. त्याला नकाशात जरूर फिरू द्यावे, पण त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या खेळाडूचा परवाना तत्काळ रद्द व्हावा.