वावरातले धोके कसे हेरायचे आणि आधी कुठे हात घालायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काटोलकडे नऊ एकर, त्यात संत्र्याची बाग, बाकी पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. एक विहीर, यंदाच केलेलं शेततळं, दोन सालदार, हंगामात बायामाणसं मजुरीला, ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र भाड्यानं. कारभार नुकताच हाती आलाय, तर अपघाताची जागा आधीच कशी ओळखायची आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात दोन फेऱ्यांनी करा. एक दिवसा आणि एक रात्री, ज्या वेळी तुमच्याकडे लाइन येते त्या वेळी. रात्री मोटर चालू करायला सालदार ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं, त्याच्याच टॉर्चवर चाला. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा: इथे कोण उभं राहतं, पायात काय असतं, हातात काय असतं, आणि पाय घसरला तर माणूस नेमका कशावर पडेल. मग सालदाराला विचारा, कोणत्या कामाची धास्ती वाटते. मालकाला दिसत नाही ते त्याला ठाऊक असतं. "स्टार्टरचा डब्बा झिणझिण्या देते" हे तो सहज बोलून जाईल, कारण त्याला सवय झालेली असते. ते ऐकलं की त्या दिवशी मोटर बंद.

आणि उपाय करताना "सांभाळून करत जा" हा उपाय धरू नका. दिवसभर राबलेल्या माणसाचं सांभाळणं संध्याकाळी संपतं. माणूस दमलेला, घाईत किंवा अंधारात असला तरी वाचेल, अशी व्यवस्था हवी.

माझ्या मते पहिला पैसा विजेवर घाला. स्टार्टरचा डब्बा लोखंडी, खाली ओली जमीन, पाय अनवाणी, हात ओले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अर्थिंग म्हणजे एक तार पाइपाला गुंडाळलेली असते. तो पाइप पुढे प्लास्टिकचा असेल तर ती तार कुठेच जात नाही. अर्थिंगचा खड्डा वेगळा हवा, अडीच-तीन मीटर खोल, शक्यतो पाणी मुरतं अशा जागी, कोळसा आणि मीठ भरून. उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, नट घट्ट आहे का ते बघा. पण नुसत्या अर्थिंगवर विसंबू नका. मुरमाड कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध २० ओहम असला, तर २३० व्होल्टला गळती साधारण साडेअकरा अँपिअरची होईल. मोटरचा फ्यूज त्याहून जाड तारेचा. म्हणजे फ्यूज उडत नाही, मोटर चालू राहते आणि डब्ब्यात करंट तसाच. म्हणून गळती ओळखून लाइन तोडणारा आरसीसीबी बसवा. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटन दाबून पाहा. तो वारंवार पडत असेल तर केबलला किंवा वाइंडिंगला गळती आहे. ती शोधून काढायची. आरसीसीबी काढून थेट जोडणी करायची नाही.

दुसरी गोष्ट ऑटो स्विचची. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते, ही सोय वाटते. पण लाइन गेलेली असताना कुणी पंप उघडून बसला असेल तर तीच सोय जिवावर बेतते. ऑटो काढून टाकलेला बरा. तो असो वा नसो, मोटरला हात लावण्याआधी तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढायचे आणि काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायचे. डब्ब्यावर ठेवले तर दुसरा येऊन लावतो. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चढून फ्यूज टाकणं पूर्ण बंद करा, तुमच्या माणसांचंही आणि तुमचंही. तिथे डोक्याशी ११ केव्ही असतं. वीज कंपनीकडे तक्रारीला १९१२ हा नंबर आहे. उशीर होईल, पाणी एक पाळी चुकेल, चालेल.

बागेवरून तार गेली असेल तर तोडणीच्या वेळी त्या ओळींत ॲल्युमिनियमची शिडी आणि ओला बांबू नको. तुषारचे जुने ॲल्युमिनियमचे पाइप ६ मीटरचे असतात. आत शिरलेला उंदीर किंवा गाळ झटकायला माणूस पाइप उभा करतो आणि वरचं टोक तारेला लागतं. पाइप आडवाच झटकायचा, हे प्रत्येक मजुराला पहिल्याच दिवशी सांगा.

रानडुकरांसाठी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारेत लाइनचा करंट सोडणं हा गुन्हा आहेच, शिवाय त्यात पहिला बळी बहुधा आपलाच गडी किंवा शेजारचा कास्तकार पडतो. सौर झटका मशीन लावा. ते क्षणभराचा झटका थांबून थांबून देतं. जनावर दचकून मागे सरतं, चिकटून राहत नाही.

आता शेततळं. तुमच्या यादीत ते एका शब्दात आलंय, पण मुलांच्या दृष्टीनं पूर्ण वावरात सगळ्यात घातक जागा तीच. प्लास्टिकचा कागद शेवाळानं बुळबुळीत होतो आणि उतार तिरपा असतो. चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो, कागदावर हात टेकतो, घसरून परत आत जातो. असं करता करता दमून बुडतो. काठावरच्याला वाटतं हात देऊन ओढून काढू, तोही त्याच कागदावरून आत जातो. म्हणून दोन गोष्टी आजच करा. चारही बाजूंना नायलॉनचा जाड दोर, दर फुटाला गाठ मारून, वरच्या बांधावर पक्क्या खुंटाला बांधून तळापर्यंत सोडा. सोबत ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या दोन ट्यूब, दोर बांधून, कायम काठावर. त्यानंतर चारही बाजूंनी पाच-सहा फुटी जाळीचं कुंपण आणि कुलपाचं फाटक. कुंपणाला पैसे लागतात, त्याला आठ दिवस लागले तरी चालेल. दोर तासाभरात होतो.

विहिरीत उतरण्याचं काम निघालं तर गॅस लक्षात ठेवा. बरेच दिवस न उतरलेल्या, झाडोरा कुजलेल्या विहिरीत प्राणवायू कमी होतो. खाली इंजिन लावून पाणी उपसत असाल तर त्याचा धूर तिथेच कोंडतो, आणि त्या विषारी वायूला वास नसतो. कंदील सोडून पाहायची पद्धत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाहीच, पण पेटता राहिला म्हणून हवा चांगली असंही नाही, कारण इंजिनाच्या धुरातला वायू कंदील विझवत नाही. ब्लोअरनं वरून हवा सोडा, उतरणाऱ्याच्या छाती-खांद्याला पट्टा आणि दोर बांधा, वर दोन माणसं ठेवा. तो बोलायचा थांबला की वरून ओढायचं. त्याला काढायला दुसऱ्यानं उतरायचं नाही. विहिरीत एकाच वेळी दोन-तीन माणसं दगावतात ती अशीच. गोबरगॅसच्या टाकीलाही हेच लागू.

ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र भाड्याचं असल्यामुळे ते तुमच्या धुऱ्याच्या आत येण्याआधी तपासा. पीटीओचा दांडा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. दांड्याची जाडी धरली तर सेकंदाला दोनेक मीटर कापड तो गुंडाळतो. पदर, दुपट्टा, सैल बाही अडकली की ओढून काढायला वेळच मिळत नाही. दांड्यावर प्लास्टिकचं आवरण नसेल तर यंत्र परत पाठवा. चालू दांडा ओलांडून कुणीही जायचं नाही. मळणी यंत्राचं तोंड, जिथून घास देतात, ते किमान ९० सेंमी लांब आणि त्यातलं निदान ४५ सेंमी वरून झाकलेलं हवं, म्हणजे हात ढोलापर्यंत पोचत नाही. आखूड तोंडाची यंत्रं अजून फिरतात. शेवटचा मूठभर माल हातानं आत ढकलायला जातात, तिथेच पंजा जातो. काठीनं किंवा पुढच्या पेंढीनं ढकला. बायांचे पदर खोचलेले, केस फडक्यात बांधलेले, हातात कडं नको. घास देणारा माणूस दोन तासांनी बदला. रात्री मळणी करायचीच असेल तर उजेड यंत्राच्या तोंडावर हवा.

पावसानंतर काळ्या मातीत ट्रॅक्टर फसला की चाकाखाली लाकूड बांधून पुढे काढायचा मोह होतो. चाकं अडली की इंजिनाची सगळी ताकद पुढचा भाग वर उचलते आणि दीडेक सेकंदात ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. रिव्हर्सनं काढा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा. साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा, वर कुठेही नाही. मडगार्डवर कुणी बसायचं नाही, मग तो घरचा पाहुणा का असेना.

फवारणीचं तुम्ही विचारलं नाही, पण पऱ्हाटी आहे म्हणून लिहितोच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी छातीच्या वर गेली की फवारा तोंडावर येतो आणि भिजलेल्या झाडांतून चालताना कपडे ओले होतात. दमट उकाड्यात औषध कातडीतूनच आत जातं. लाल त्रिकोणाचं, म्हणजे सगळ्यात जहाल, औषध शक्यतो आणूच नका. दुकानदारानं सांगितलं म्हणून दोन-तीन औषधं एकत्र करू नका. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं म्हणून टाकीतलं द्रावण साध्या पंपाच्या तिपटीनं तीव्र करतात. त्यामुळे गळका पॉवर पंप पाठीवर घेणं तितकंच जास्त धोक्याचं. आधी नुसतं पाणी भरून गळती बघा. वारा पाठीमागून किंवा बाजूनं ठेवा आणि फवारलेल्या भागापासून दूर सरकत जा. नोझल तोंडानं फुंकू नये म्हणून दोन जादा नोझल खिशात द्या. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूची पुडी)! औषधाच्या हातानं पुडी उघडून चिमूट तोंडात टाकली की सगळे हातमोजे आणि मास्क वाया. फवारणीच्या दिवशी खर्रा घरी ठेवायला लावा आणि धुऱ्यावर साबण-पाण्याची बादली भरून ठेवा.

घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक, बाहुल्या बारीक, यातलं काही दिसलं की काम बंद. कपडे काढून साबणानं अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना. उलटी काढायला मीठपाणी, दूध, ताक काही पाजू नका. फुप्फुसात गेलं तर जास्त बिघडतं.

बागेत बोर्डो (बुरशीवरचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण) करताना लोक औषधापेक्षा चुन्यानं जास्त भाजतात. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. कळीचा चुना विझवताना थोडा थोडा चुना पाण्यात टाका. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतलं की तो उसळून डोळ्यात जातो. चष्मा घालाच. गेलाच डोळ्यात, तर वीस मिनिटं साध्या पाण्यानं धुवत राहा आणि मग डॉक्टर.

सापाबाबत एवढं पक्कं करा: रात्री मोटरला जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि टॉर्च, जागलीला (रात्रीच्या राखणीला) खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपणं, जमिनीवर नाही. मण्यार रात्री चावते तेव्हा दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि लोक अपचन समजून बसतात. घोणस सोयाबीनच्या ढिगात, कुटारात (भुशात) सापडते; तिथे आधी काठी, मग हात. चावल्यावर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन. सापाचं औषध जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का, हे आज विचारून ठेवा. पहिला डोस तिथेच सुरू व्हायला हवा. थेट नागपूरच्या मेडिकलला निघालात तर दीडेक तास वाटेत जातो.

विजांसाठी फोनमध्ये दामिनी ॲप घ्या. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून आणि तारेच्या कुंपणापासून दूर. आणि उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी १२ ते ४ वावरात काम ठेवूच नका.

शेवटी कागदाचं. अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख मिळतात. वीज पडणं, शॉक, सर्पदंश, विषबाधा सगळं त्यात येतं. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, त्यामुळे दवाखान्याचे कागद आणि पोलिस पंचनामा पहिल्या दिवसापासून जपा. पण ही योजना सातबारा नावावर असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला आहे; सालदाराच्या नावावर जमीन नसेल तर त्याला तिचा उपयोग नाही. दोघांच्याही बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला २० रुपये, २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ७०. हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो, तेव्हा त्या वेळी खात्यात पैसे आहेत का ते स्वतः बघा.