महामारीत आत्महत्या खरोखर वाढल्या का, आणि खचलेल्या भावाशी हा विषय काढावा का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: कोरोना महामारीमुळे आत्महत्या खरोखर वाढल्या का, आणि टाळेबंदीत पुण्यातील नोकरी गेल्यापासून अबोल झालेल्या धाकट्या भावाकडे हा विषय काढल्यास नको तो विचार त्याच्या मनात भरणार तर नाही ना. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. विषय काढावा, आणि आडवळणाने नव्हे तर सरळ काढावा. ‘जीव नकोसा वाटतो का, मरावेसे वाटते का?’ असे आपुलकीने विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात रुजत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. तो आधीपासून असेल, तर निदान कोणापाशी तरी बोलता येते.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. वाढ दिसते खरी, पण ती सगळी विषाणूच्या नावावर मांडता येत नाही, कारण निर्बंध उठल्यानंतर २०२२ मध्येही आकडा १,७०,९२४ पर्यंत चढला. जपानमध्ये तर पहिल्या लाटेच्या महिन्यांत आत्महत्या घटल्या आणि २०२० च्या जुलैपासून, विशेषतः स्त्रियांमध्ये, वाढल्या. मला यात नवल वाटत नाही. संकट सर्वांवर एकदम येते तेव्हा माणसे एकमेकांना धरून राहतात; पुढे शिल्लक संपते, घेणेकरी दारात येतात, शेजाऱ्याचे सुरळीत होते आणि आपले होत नाही, तेव्हा माणूस एकटा पडतो. २०२१ च्या नोंदींत सुमारे एक चतुर्थांश वाटा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. म्हणून ‘आता कोरोना कुठे राहिला?’ असे भावाला कृपया कोणी ऐकवू नये.

माझे निपाणीत औषधांचे दुकान आहे, त्यामुळे आपल्या सीमाभागापुरती आणखी एक गोष्ट सांगतो. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यातील लोक उपचारांसाठी पूर्वापार मिरज-कोल्हापूरला जातात. टाळेबंदीत एसटी बंद पडली आणि पुढे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवालाची अट आली, तेव्हा मानसोपचार चालू असलेल्यांची फेरतपासणी चुकली, चिठ्ठ्या जुन्या झाल्या आणि कित्येकांनी गोळ्या परस्पर थांबवल्या. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या अचानक सोडल्या तर आजार उलटण्याचा धोका असतो. फोनवरून सल्ला देण्यासंबंधीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०२० च्या मार्चमध्येच आली होती, परंतु मधुमेहासाठी डॉक्टरांना निःसंकोच फोन करणारी माणसेही या आजारासाठी तो करीत नव्हती. आपल्या भावाने पूर्वी असे काही उपचार घेतले होते का, हे अवश्य पाहावे.

झोप उडणे, जेवण तुटणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी तुम्हाला भार झालो’ असे बोलणे, किंवा फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत होणे ही लक्षणे गंभीर समजावीत. त्याने होकार दिला तर उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. त्याला एकटे ठेवू नये आणि शेतीची औषधे व घरातील गोळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी कुलपात ठेवाव्यात. आपल्याकडे पोलीस प्रकरणाच्या भीतीने घरे गप्प राहतात. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही.

उपचारांसाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, ते तिथेच विचारून घ्यावे. धोका तातडीचा वाटला तर १०८ किंवा ११२ ला फोन करावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते आणि तेथे मराठीची सोय आहे. भाऊ स्वतः बोलायला तयार नसेल, तर त्याच्याशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी तो फोन आपणही करू शकता.