मशीन माळ्यावरून खाली काढा

देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात:

"मी एसटीत वाहक आहे. घरी थोडी हापूसची कलमं आहेत. मुलाला बारावी सायन्सला ६१ टक्के आणि सीईटीत ७४ पर्सेंटाइल मिळाले. डोकं चांगलं आहे, पण दोन वर्षं एका जुन्या कॉम्प्युटरच्या नादी लागलाय. त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी खुली संगणक प्रणाली) टाकून गावच्या वाचनालयाचं काहीतरी चालवतो आणि रात्री अनोळखी लोकांना त्यांचे सर्व्हर लावायला मदत करतो. एकदा साडेबारा वाजता नंदुरबारकडच्या कुणा शिक्षकांना 'सर, आधी बॅकअप घेतलात का?' असं फोनवर समजावत बसला होता. एक रुपया मिळत नाही. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मी बटण बंद करून मशीन माळ्यावर टाकलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पुण्यातला पुतण्या म्हणतो, आता सगळं क्लाउडवर गेलंय, हे शिकून उपयोग नाही. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट मिळतेय. त्यासाठी कलमांचे बारा गुंठे विकायची तयारी आहे. तुम्ही त्याला समजवाल का?"

नमस्कार.

त्याला समजावण्याआधी मला तुमच्याशीच बोलायचं आहे. ६१ टक्क्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं: "बटण बंद करून मशीन माळ्यावर टाकलं."

तुमच्या परवानगीने मी मुलाशी फोनवर बोलले. तक्रार त्याने केली नाही, विचारावं लागलं. त्या मशीनवर गावच्या वाचनालयाची पुस्तकांची नोंद होती, कोहा नावाच्या सॉफ्टवेअरवर. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं, कधी परत यायचं, सगळं तिथे. ग्रंथपालबाईंना त्यानेच वही बंद करायला लावली होती. तुम्ही मशीन बंद केलंत आणि दुसऱ्या दिवशी बाईंकडे ना वही, ना नोंद. मग परीक्षेच्या त्या पंधरवड्यात तुमचा मुलगा रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन देवघेव हाताने लिहून देत होता. तुम्हाला वाटलं, मशीन गेलं म्हणजे अभ्यासाला वेळ मिळाला. मिळाला नाही. "मी बाईंना शब्द दिला होता," एवढंच तो म्हणाला.

म्हणून स्पष्ट सांगते. मोबाइलवरचा खेळ काढून घेतला असता तर मी तुमची बाजू घेतली असती. इथे तुम्ही अठरा वर्षांच्या मुलाला गावात तोंडघशी पाडलंत. चाळीस जणांची गाडी अर्ध्या रस्त्यात कुणी तुम्हाला न विचारता थांबवली असती आणि प्रवाशांना उत्तर मात्र तुम्हाला द्यावं लागलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं याचा विचार करा. तो तुमच्याशी बोलत नाही याचं कारण मला तरी एवढंच दिसतं.

आता नंदुरबारचे ते शिक्षक. तुम्ही तो प्रसंग गाऱ्हाणं म्हणून लिहिलात. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ती सगळ्यात चांगली ओळ आहे. घडलं ते असं: त्यांच्या शाळेत मूडल चालतं, मुलांचे धडे आणि चाचण्या त्यावर असतात. त्यांनी नवी आवृत्ती टाकली. मूडलच्या प्रत्येक आवृत्तीला पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिची) ठरावीक आवृत्ती लागते, ती सर्व्हरवर नव्हती, साइट बंद पडली. अशा वेळी घाबरलेला माणूस हाताला लागेल ते पुसायला निघतो. तुमच्या मुलाने त्यांना आधी थांबवलं, डेटाबेसची प्रत काढायला लावली, ती उघडते का ते पाहायला लावलं, आणि मगच दुरुस्तीला हात घालू दिला. वयाने दुप्पट असलेल्या, अनोळखी, वैतागलेल्या माणसाला न दुखवता हे सांगणं सोपं नाही. पदवी घेतलेली, पगार घेणारी माणसंही घाईत बॅकअपची पायरी गाळतात आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. त्याला विचारलं, पासवर्ड घेऊन तू स्वतःच का नाही केलंस? म्हणाला, "पासवर्ड मागायचा नाही. त्यांनीच टाइप करायचं, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना जमतं." हे त्याला कुणा क्लासने शिकवलेलं नाही. त्याला अशाच अनोळखी लोकांनी शिकवलं, तसं तो पुढे शिकवतोय. लावणीला तुम्ही एकमेकांच्या शेतात जाता तेव्हा कुठे कुणी मजुरी मागतं?

आणि "एक रुपया मिळत नाही" म्हणताना हेही पाहा की त्याने किती घेतलंय. ज्या डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका मोफत रूपावर, ते मशीन चालतं ती १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळत आहेत. कोहाची गोष्ट तर तुमच्या गावाला अगदी जवळची वाटेल. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या सार्वजनिक वाचनालयांची जुनी संगणक व्यवस्था २००० साल उजाडल्यावर बंद पडणार होती. १९९९ मध्ये त्यांनी एका कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर लिहून घेतलं, पैसे स्वतः मोजले, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. २००० च्या जानेवारीत ते तिथे सुरू झालं. तेच देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात कादंबऱ्यांची नोंद ठेवत होतं, परवान्याचा एक पैसा न देता. तुमचा मुलगा रात्री साडेबाराला जे करतो ते याच साखळीतलं काम आहे.

पुतण्याच्या बोलण्याकडे येते, कारण हा गैरसमज मला घरोघरी भेटतो. "सगळं क्लाउडवर गेलं, आता सर्व्हर कोण लावतो?" क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेली, भाड्याने मिळणारी मशीन्सच. त्यांतल्या बहुतेकांवर लिनक्सच चालतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लाउडवरही विंडोजपेक्षा लिनक्सचा वापर जास्त आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. भाड्याने घेतलेलं मशीन मध्यरात्री बंद पडलं की कुणीतरी लॉग (मशीनने स्वतः ठेवलेली नोंद) उघडून वाचावा लागतो, डिस्क भरली का, साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली का, नव्या आवृत्तीने जुनं काही मोडलं का, हे क्रमाने तपासावं लागतं. ते ज्याला येतं त्याला क्लाउडची बटणं शिकायला वेळ लागत नाही. नुसती बटणं शिकलेला मात्र पहिल्याच बिघाडाला अडतो. त्यातही तुमचा मुलगा हे देवगडात बसून शिकलाय. वादळी पावसात वीज जाते, ब्रॉडबँडवाले घरच्या जोडणीला बहुतेकदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देत नाहीत, त्यामुळे बाहेरून मशीनपर्यंत पोचताच येत नाही. त्याने वायरगार्ड हे सुरक्षित खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर वापरून वाट काढली. पुण्यात फायबर जोडणीवर शिकणाऱ्या मुलाला ही अडचण माहीतही नसते. आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पैसा नाही म्हणाल, तर रेड हॅट ही कंपनी त्याच्याच बळावर उभी राहिली आणि आयबीएमने २०१९ मध्ये ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. रेड हॅटचं कार्यालय पुण्यात आहे. पुतण्याला सांगा. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते, त्याचाही कोड कुणालाही वाचता येतो.

आता त्या बारा गुंठ्यांबद्दल. विकू नका. मॅनेजमेंट कोट्याची सीट विकणाऱ्याला तुमच्या मुलाचं काहीही माहीत नाही. तो फक्त "कॉम्प्युटर" हा शब्द आणि तुमची काळजी विकतोय. हापूसचं कलम धरतं करायला किती वर्षं जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. ती बाग देऊन जी पदवी मिळेल तिच्यात लिनक्सचा एखादा विषय असेल, तोही मुलाला आत्ताच येतो. वर चार वर्षं त्याच्या डोक्यावर "माझ्यासाठी बाबांनी कलमं विकली" हे ओझं राहील. त्या ओझ्याखाली मुलं विषय बदलायला, नापास झालो हे सांगायला, घरी फोन करायलासुद्धा घाबरतात. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एवढं कडक लिहितेय.

पदवी मात्र हवी. भरतीची पहिली चाळणी बऱ्याच ठिकाणी अजून पदवीवरच लागते. कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या), बीएस्सी आयटी, बीसीए या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. ७४ पर्सेंटाइलवर कॅपमधून जे मिळेल ते बघा, आणि कणकवली, रत्नागिरी, आंबव इथली महाविद्यालयं ऑप्शन फॉर्ममध्ये आवर्जून भरा. नाही जमलं तर जवळच्या महाविद्यालयात बीएस्सी आयटी. मला तर तेच जास्त पटतं, कारण तो घरी राहील, वाचनालयाचं काम चालू राहील आणि हातात वेळ उरेल. त्या वेळात आरएचसीएसए या रेड हॅटच्या परीक्षेची तयारी करू दे. तिथे चार पर्यायांतून एक निवडायचा नसतो. समोर मशीन देतात, काम सांगतात, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर तुमचं काम टिकलं तरच गुण. फी भरायला बाग विकावी लागत नाही. खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायला देणारा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे, अठरा पूर्ण झालेल्यांना खुलं आहे, निवड झाली तर मानधन मिळतं. स्पर्धा भरपूर आहे. पहिल्या वर्षी जमेलच असं नाही.

सुरुवातीचा पगार फार नसेल आणि जिल्ह्यात अशा नोकऱ्या कमी आहेत, हेही ऐकून ठेवा. दोन-चार वर्षं तोही चाकरमानी होईल, गणपतीला येईल. दुरून सर्व्हर सांभाळण्याची कामं आहेत, पण ती ओळखीवर आणि नावावर मिळतात, आणि ते नाव तो रात्री साडेबाराला कमावतोय.

मुलालाही मी चार गोष्टी ऐकवल्या आहेत, तुम्हाला कळाव्यात म्हणून लिहिते. वाचनालयाची एकुलती एक नोंद स्वतःच्या घरच्या जुन्या मशीनवर ठेवणं ही त्याची चूक होती. रोजची प्रत दुसऱ्या जागी गेली पाहिजे, आणि त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करता येतं का, हे महिन्यातून एकदा करून पाहिलं पाहिजे. दुसऱ्यांना बॅकअप शिकवणाऱ्याने इथे हलगर्जीपणा केला. मशीन कसं चालू करायचं, पासवर्ड कुठे आहे, हे बाईंना किंवा आणखी एकाला माहीत हवं, नाहीतर उद्या तो तापाने पडला तरी हेच होईल. रात्री अकरानंतर कुणाच्याही सर्व्हरला हात लावायचा नाही, ज्याचं बंद पडलंय तो सकाळपर्यंत थांबू शकतो. आणि जे जे सोडवलं ते मराठीत लिहून ठेव, तारखेसह, चुकांसह. नोकरीच्या मुलाखतीत ती वही गुणपत्रिकेच्या शेजारी ठेवता येते. गणित त्याने टाळलंय हे त्याने कबूल केलं. त्याचा राग तुम्ही हक्काने करा.

तुमच्याकडून मला या आठवड्यात एवढंच हवंय. पावसाळी हवेत माळ्यावरची हार्ड डिस्क टिकेलच असं नाही, म्हणून मशीन आजच खाली काढा, पण तुम्ही चालू करू नका. दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि त्याला तपासू द्या. चालू असताना थेट बटण बंद केलं की डेटाबेसचं लिहिणं अर्ध्यात तुटतं. बहुतेक वेळा डेटाबेस स्वतःला सावरतो, पण ते पाहायचं काम मुलाचं. मग दोघं मिळून वाचनालयात जा आणि मशीन तुम्ही बंद केलं होतंत हे बाईंना तुम्ही सांगा, त्याच्यासमोर. त्यानंतर ऑप्शन फॉर्म भरायला बसा. आणि कलमांच्या व्यवहाराचा इसार घेतला असेल तर परत करा.