आधी एक खिडकी पुरे
चेहऱ्याचे फोटो काढायला शिकताना फ्लॅश घ्यायची घाई करू नकोस. थेट ऊन न येणारी खिडकी शोध आणि खोलीतले दिवे बंद कर, नाहीतर पिवळा-निळा उजेड मिसळून त्वचेचा रंग बिघडतो. मॉडेलला खिडकीपाशी तिरकं बसव. खिडकीपासून दूरच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटेपर्यंत तिला चेहरा हळूहळू वळवायला सांग. हीच रेम्ब्राँ पद्धत, डच चित्रकार रेम्ब्राँच्या नावाची. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धर.

पुढे दिवा घेशील तेव्हा अंतर सांभाळ. छोटा दिवा १ मीटरवरून २ मीटरवर नेला की चेहऱ्यावर उजेड पाव उरतो. सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा पांढऱ्या कापडाचा डबा लावलेला दिवा, तर अगदी फ्रेमच्या कडेपर्यंत जवळ आण. लांब गेला की सावल्यांच्या कडा कडक होतात. आणि डोळ्यांत चमक दिसल्याशिवाय बटण दाबू नकोस. तिच्याविना चेहरा मला तरी निर्जीव वाटतो.