कोकणातल्या छोट्या शहरात बाजारपेठेचा रस्ता रुंद करून कोंडी सुटते का? की पायी-सायकलने फिरता येईल असं शहर इथे होऊ शकतं?

तुमचं गाव कुठलं ते लिहिलं नाहीत, पण वर्णन कोकणातल्या कुठल्याही नगरपरिषदेला लागू पडेल. बाजारपेठेतला सहा-सात मीटरचा रस्ता बारा मीटर करायचा प्रस्ताव, दोन्ही बाजूंची कौलारू दुकानं मागे सरणार, आणि जो शंका काढेल तो विकासाच्या आड येणारा. शेवटी तुम्ही विचारलंत की चार महिने पाऊस आणि पावलोपावली चढ असलेल्या मुलखात पायी-सायकलचं शहर ही नुसती पुण्या-मुंबईची हौस नाही का.

मी सावंतवाडीत घरांचे आणि दुकानांचे नकाशे काढतो. मंजुरीसाठी नगरपरिषदेत खेटे घालणं हा धंद्याचाच भाग, त्यामुळे रस्त्याच्या रेषा कागदावर कशा सरकतात ते जवळून बघायला मिळतं. माझं मत सरळ आहे: बाजारपेठ रुंद करू नका. आपली गावं मुळात चालण्याच्याच मापाची आहेत. एसटी स्टँड, बाजार, शाळा, दवाखाना, देऊळ सगळं दोनेक किलोमीटरच्या आत. तेवढं अंतर माणसाला चालवत नाही असं नव्हे, रस्ता त्याला चालू देत नाही.

आधी कोंडी कशाने होते ते एकदा उभं राहून बघा. चालत्या गाड्यांपेक्षा उभ्या गाड्यांनी जास्त होते. नकाशात आम्ही एका मोटारीच्या पार्किंगला अडीच बाय पाच मीटर जागा दाखवतो, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला दोन चौरस मीटर पुरतात. मी काढलेल्या कितीतरी घरांत स्वयंपाकघर त्या मोटारीच्या जागेपेक्षा लहान आहे! आता मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला आलेला एकजण दुकानासमोर ते साडेबारा चौरस मीटर अडवतो, समोरून टेम्पो येतो, मागे एसटी अडकते, आणि सगळे म्हणतात रस्ता अरुंद आहे. बारा मीटर केलात तर दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा लागतील आणि मधे पुन्हा तेच सहा-सात मीटर उरतील.

यावर जगात भरपूर अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ साली रुंद करून झाला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी तब्बल २६ मार्गिका. २०११ ते २०१४ या काळात तिथे गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळी सुमारे ५५ टक्क्यांनी लांबला. ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं की मोठे रस्ते जितके वाढतात, साधारण तितक्याच प्रमाणात गाड्यांचं फिरणंही वाढतं. इतक्या लांब जायला नको असेल तर अलिबागकडे बघा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. मुंबईकराला गाडी बोटीत घालून आणता येऊ लागली, आणि शनिवार-रविवारी अलिबागच्या रस्त्यांवर काय होतं ते तिथल्या माणसाला विचारा. सोय चांगलीच आहे, मीही वापरतो. पण गाडीला वाट मोकळी करून दिली की गाडी येते, आणि आली की तिला उभं राहायला जागा लागते.

तळकोकणात तर या वादाची दोन उदाहरणं तासाभराच्या अंतरावर आहेत. मुंबई-गोवा महामार्ग कणकवलीत शहराच्या पोटातून गेला, उड्डाणपुलावरून. २०२०च्या जुलैत त्याच पुलाच्या जोडरस्त्याची भिंत पावसात ढासळली, ते आठवत असेल. भिंत दुरुस्त होते. बाजाराचे दोन तुकडे झाले ते मात्र तसेच राहतात. अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचं तर सर्व्हिस रोडवरच्या गाड्या चुकवत पुलाखालून जावं लागतं. सावंतवाडीला उलट झालं. झाराप-पत्रादेवी बायपासमुळे महामार्ग बाहेरून गेला. आमच्याकडचे व्यापारी अजून कुरकुरतात की गोव्याला जाणारं गिऱ्हाईक तुटलं, आणि त्यांचं अगदीच खोटं नाही; चहा-भजीच्या हॉटेलांना आणि चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांना तो फटका जाणवला. पण संध्याकाळी मोती तलावाच्या काठावर म्हातारी माणसं, पोरंटोरं, ढकलगाडीतली बाळं निवांत फिरतात, ते त्या रस्त्याने मुंबई-गोव्याचे कंटेनर धावत असते तर फिरली असती का? मला तरी हा सौदा परवडला असं वाटतं. माझं हॉटेल नाही, हेही खरं.

आता चालण्याकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे गटाराचं झाकण. नवं आरसीसी गटार रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट वर काढलेलं असतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात पदपथाची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे अर्धा फूट, आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. मे महिन्यात गटार उपसायला लाद्या काढतात. एखादी फुटते, एखादी परत बसतच नाही. मग मृगाचा पाऊस लागतो. एका हातात छत्री, दुसऱ्यात माशांची पिशवी घेऊन येणारी बाई त्या उघड्या चौकोनापाशी थांबते, साडीचा काठ वर धरायला तिसरा हात नसतो, आणि ती खाली रस्त्यावर उतरते. नेमकी तेव्हाच मागून ॲक्टिव्हा येते. पुढच्या वेळी ती मुलाला म्हणते, तूच सोड मला बाजारात. अशी एक दुचाकी वाढते. गुडघे दुखणारे सासरे असतील तर मोटारच लागते.

आणि ज्या पडव्या तुमच्या प्रस्तावात तुटणार आहेत, त्या आपल्या बाजारपेठेचा पावसाळी फुटपाथ आहेत. जुन्या दुकानांचं कौलारू छप्पर पुढे उतरलेलं असतं, खाली ओटा. पाऊस कोसळत असताना माणूस पागोळ्यांच्या आतून या ओट्यावरून त्या ओट्यावर करत अर्धा बाजार कोरडा पार करतो. रुंदीकरणात पहिला बळी या पडवीचाच. तिच्या जागी शटर लावलेली सपाट भिंत येते आणि दुकानदार मग निळी ताडपत्री बांधतो. मोबदल्याचंही ऐकून ठेवा. नगररचना कायद्यात पैशांऐवजी चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, देण्याची सोय आहे. मोठ्या प्लॉटवाल्याला ते फायद्याचं पडतं. तीन-चार मीटर रुंदीच्या दुकानाला मागे उरलेल्या पट्टीवर ते वाढीव चटईक्षेत्र बसवायचं कुठे? सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, सोडलं, पार्किंग दाखवलं की मजला चढतच नाही. असा माणूस शेवटी जागा बिल्डरला देऊन मोकळा होतो.

"हे युरोपात चालतं" असं तुम्हाला सभेत ऐकवतीलच. तेव्हा स्पेनमधल्या पोन्तेवेद्राचं नाव सांगा. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या अंगाचं शहर (२०११च्या जनगणनेत रत्नागिरी सुमारे ७६ हजार). समुद्राजवळ, आणि स्पेनच्या मानाने भरपूर पावसाचं. १९९९ मध्ये लोरेस नावाचे डॉक्टर तिथे महापौर झाले आणि त्यांनी जुन्या शहरातून आरपार जाणारी वाहतूक बंद केली, रस्त्याकडेचं पार्किंग काढलं, शहराच्या कडेला फुकट पार्किंग दिलं. माल उतरवायला, आजाऱ्याला न्यायला गाडी आत येते, काम झालं की बाहेर जाते. इथून तिथे चालत किती मिनिटं लागतात याचा मेट्रोच्या नकाशासारखा नकाशाही त्यांनी छापला. लोक त्यांना पुनःपुन्हा निवडून देत आले. दुकानं ओस पडली असती तर दिलं असतं का?

सायकलबद्दल मात्र मी उगाच गोड बोलणार नाही. वेंगुर्ल्यात, मालवणात, किनाऱ्यालगतच्या सपाट भागात सायकल उत्तम चालते. पण रत्नागिरीत मारुती मंदिराकडून खाली स्टँडला जाणं मजेचं, दप्तर पाठीवर घेऊन वर येणं नाही. बॅटरीवरची सायकल तो चढ काढते, तिची किंमत अजून सगळ्यांना झेपत नाही. आणि जुलैत रेनकोटच्या आत घामाने भिजण्यापेक्षा पावसाने भिजलेलं बरं वाटतं. त्यामुळे वेगळा सायकल ट्रॅक रंगवून त्याचं उद्घाटन करण्यात नगरपरिषदेने पैसे घालू नयेत. दोन पावसांत तो रंग जातो. बाजारातला वेग उतरला की शाळेची पोरं आहे त्याच रस्त्यावर सायकल चालवतील.

पायी चालण्याच्या जोडीला कोकणात एसटी हवी, सायकलपेक्षा जास्त. बाजारातली निम्मी गर्दी आजूबाजूच्या वाड्यांतून येते. २०२१-२२च्या लांबलेल्या संपात गाड्या बंद होत्या, तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली, आणि घेतलेली दुचाकी कोणी विकत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, गर्दी परत दिसू लागली. पण दुपारची एक फेरी रद्द झाली की सगळं गणित फिसकटतं. रेल्वे स्टेशनचंही तेच. सावंतवाडी रोड मळगावात, शहरापासून सात-आठ किलोमीटर. रत्नागिरीचं कुवारबावला. गाडीच्या वेळेला धरून बस नसेल तर माणूस रिक्षाला नाहीतर स्वतःच्या मोटारीलाच धरणार.

राहिला तुमचा प्रस्ताव. विकास आराखड्यातला बदल असेल तर हरकती-सूचनांना साधारण महिनाभर मिळतो आणि सुनावणी होते. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी रस्त्याचा आडवा छेद मागा: गटार कुठे, त्याचं झाकण रस्त्यापासून किती वर, विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मरची डीपी कुठे, मोकळा पदपथ किती. बारा मीटरचाच हट्ट असेल तर दोन्हीकडे १.८ मीटर पदपथ धरून ८.४ मीटर उरतात, ते दुतर्फा वाहतुकीला भरपूर झाले. उरलेल्यात पार्किंग नको हे लेखी घ्या. आहे त्या सात मीटरमध्येही एकदिशा मार्ग करून, माल उतरवायची वेळ सकाळी नऊच्या आत ठेवून आणि आठवडा बाजाराच्या दिवशी मोटारी बंद करून महिनाभर बघता येतं. त्याला बॅरिकेड आणि दोन होमगार्ड लागतात, कोणाची पडवी पाडावी लागत नाही. जुनी भाजी मंडई किंवा स्टँडमागची पडीक जागा पार्किंगला मिळते का तेही त्याच अर्जात विचारा. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट.