वाचकांचे प्रश्न : एका दिवसात पाच पेनं वाया

प्रश्न : छोट्या लेथवर शिसवीची पेनं करतो. ७ मिमी पितळी नळीचं साधं, फिरवून उघडायचं किट वापरतो; ठोकळ्याला भोक पाडून त्यात नळी चिकटवायची आणि मग वरचं लाकूड कातायचं. परवाच्या रविवारी एकही पेन धड झालं नाही. पहिला ठोकळा भोक पाडताना तळाशी फुटला. दोघांचे टवके कातताना उडाले, थेट नळी दिसेपर्यंत. चौथं पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ झालं. पाचवं पॉलिशसकट तयार होतं, ते टोक दाबून बसवताना चिरलं. नेमकं काय चुकतंय? आणि असा दिवस आला तर करायचं काय?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : पेन ज्या पायरीवर मोडतं, त्या पायरीवर सहसा चूक झालेली नसते. ती एक-दोन पायऱ्या आधीच होऊन बसलेली असते. पटाशीवर राग काढण्यात म्हणूनच अर्थ नाही. तुमच्या पाचांपैकी फक्त पहिलं नुकसान जागच्या जागी झालेलं आहे, तिथूनच सुरुवात करू.

भोक पाडायचं बिट तळातून बाहेर पडताना खालच्या लाकडाला आधार नसतो, म्हणून ते फुटतं. नळी सुमारे ५३ मिमीची असेल तर ठोकळा ५८-६० मिमी ठेवा. भोक आरपार पाडू नका. तळाशी २-३ मिमी लाकूड उरलं की थांबा आणि तेवढा भाग करवतीने कापून भोक उघडा. दर ८-१० मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटका. शिसवीचा भुसा खाचेत दाबून बसला की बिट तापतं, आणि तापलेल्या भोकाच्या कडेला बारीक चिरा जातात. त्या तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश झाल्यावर आठवड्याने दिसतात.

टवके उडाले ते बहुतेक डिंकामुळे. उडालेल्या जागी नळी पिवळीधमक आणि कोरडी दिसत होती का? मग डिंक नळीला धरलाच नव्हता. नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरवर आडवी-तिडवी घासायची, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. सुपरग्लू घातला की नळी अर्ध्यात अडकते आणि आत कोरड्या जागा राहतात. दोन ट्यूबांचं इपॉक्सी बरं. नळी फिरवत आत सरकवा, एकदा बाहेर ओढा, पुन्हा फिरवत घाला आणि रात्रभर तशीच ठेवा. पाच मिनिटांत सुकणारं असलं तरी घाई नको. कातण्याआधी ठोकळ्यावर नखाने टिचकी मारत जा. कुठे पोकळ आवाज आला तर तिथे नळी सुटी आहे असं समजा.

नळीवर पातळ डिंक दिसला, म्हणजे पकड होती, तर दोष धारेचा. पटाशीखाली काय पडतंय ते बघा. लांब, वळलेला कीस निघत असेल तर धार आहे. पीठ पडायला लागलं की थांबून धार लावा. १८ मिमीच्या चौकोनी ठोकळ्याचे कोपरे जाईपर्यंत वेग मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, पटाशीचा टेकू लाकडापासून ३-४ मिमीवर आणि घास कागदाइतका. उतार नेहमी जाडीकडून बारीककडे कापायचा. उलट गेलात की लाकडाचे धागे उचकटतात.

एका बाजूला जाड झालेल्या पेनाची दोन कारणं असतात. मँड्रेल म्हणजे कातताना ठोकळे ज्यावर ओवतात तो जेमतेम ६ मिमीचा गज. टेलस्टॉक (लेथचा दुसऱ्या टोकाचा, सरकणारा आधार) जोरात आवळला की तो धनुष्यासारखा वाकतो. नट बोटांनीच घट्ट करा, पाना लावू नका. टेलस्टॉकचं टोक फिरायला लागेल इतपतच दाब द्या. दुसरं कारण तिरपी टोकं. बॅरल ट्रिमरने (टोक सपाट करायच्या कटरने) ठोकळ्याचं टोक साफ करताना पितळेची चकचकीत कडा पूर्ण वर्तुळात दिसली पाहिजे. अर्धचंद्र दिसत असेल तर टोक अजून काटकोनात नाही, त्यावर बुश (ठोकळ्याच्या टोकाशी बसणारी, जाडीचं माप दाखवणारी कडी) टेकवला की तो बाजूला ढकलतो. बुश आणि लाकूड यांच्या सांध्यावर नख फिरवलं तर हे लगेच कळतं : एका बाजूला पायरी लागते, समोर सपाट. बुश वारंवार पेपर लागून झिजतातही, त्यामुळे शेवटचं माप बुशवर सोडू नका. किटचा भागच व्हर्नियरने मोजा. मँड्रेलचा कंटाळा आला असेल तर मँड्रेलशिवाय, लेथच्या दोन टोकांमध्ये (सेंटरांमध्ये) धरायचे बुश शिवाजी उद्यमनगरात कुणीही कातून देईल. नमुना म्हणून नळी आणि किटचे भाग सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

टोक बसवताना चीर गेली ती नळीत शिरलेल्या डिंकाने. इपॉक्सीचा केसाएवढा थर आत सुकला तरी दाबताना नळी फुगते आणि वरचं लाकूड तडकतं. चिकटवण्याआधी नळीचं तोंड मेणाने किंवा बटाट्याच्या चकतीने बुजवा. नंतर आतून गोल कानस दोन-चारदा फिरवा. भाग दाबताना सरळ उभा आहे ना, हे वाकून बघा. व्हाइसमध्ये दाबत असाल तर जबड्यांना लाकडी पट्ट्या लावा.

आता त्या रविवाराचं. एकाच दिवशी दोन ठोकळे गेले की लेथ बंद करा. तिसरा ठोकळा चिडलेल्या हाताने कातला जातो, पटाशी अडकते आणि मग बोटांचा प्रश्न येतो. उरलेल्या वेळात न फिरणारी कामं करा : पटाशांना धार, आठ-दहा नळ्या घासणं, ठोकळे कापणं. गेलेल्या पेनाची नळी दुसऱ्या दिवशी लाकूड कातून परत मिळते. उडालेला टवका सापडला तर फेकू नका. पातळ सुपरग्लूने त्याच दिशेत बसवला तर शिसवीत सांधा शोधावा लागतो. सापडला नाही तर त्याच लाकडाचा भुसा भरा. हळदूसारख्या फिकट लाकडात मात्र भरणीचा डाग कायम दिसतो.

प्रश्न : जुलैत केलेल्या पेनांवर सुपरग्लूचं फिनिश पांढुरकं होतं. उन्हाळ्यात तीच बाटली नीट चालली होती.
(एक वाचक, रंकाळा परिसर)

उत्तर : बाटलीचा दोष नाही. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच सुकतो आणि कोल्हापूरच्या पावसात ओलावा हवा त्यापेक्षा जास्त असतो. एका जागी ६०० नंबरने हलकं घासून बघा. पांढरेपणा गेला तर तो वरच्या वरच आहे, पॉलिशने निघेल. गेला नाही तर थरांच्या आत आहे, लाकडापर्यंत उतरवावं लागेल. थर पातळ ठेवा, दोन थरांत वेळ द्या, सुकवायचा स्प्रे लांबून आणि थोडाच मारा. लाकूडही ओलं असू शकतं. ठोकळ्यांचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करून पेन्सिलीने त्यांच्यावरच लिहा, आठवड्याने पुन्हा तोला. आकडा हलायचा थांबला की कातायला घ्या. लाखेच्या पॉलिशकडे वळलात तरी सुटका नाही, दमट हवेत तेही पांढुरकं होऊ शकतं. सुपरग्लू लावायला सुती चिंधी कधीच नको. सुतावर तो इतका तापतो की धूर येतो आणि बोट भाजतं. टिश्यू पेपर वापरा, तोही बोटाला न गुंडाळता.

प्रश्न : गावाकडे मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे बाभळीचे आरे पडून आहेत. त्यांची पेनं होतील का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : उत्तम होतील, लाकूड पूर्ण वाळलेलं असणार. आधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा, मोडलेला खिळा बिटची धार घालवतो. लोखंडाजवळ बाभूळ काळी पडलेली दिसेल. तो डाग कातून जात नाही, पण पेनावर वाईट दिसत नाही. टोकांच्या केसासारख्या चिरांत पातळ सुपरग्लूचा थेंब सोडून मगच भोक पाडा. तुंब्याकडचा, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याकडचा भाग घेऊ नका. वर्षानुवर्षांचं वंगण त्यात मुरलेलं असतं, नळी चिकटत नाही.